अण्णा झोपलेत

रहिवासी परवान्याच्या कचेरीत नर्सबाई नंबरची चिठ्ठी घेऊन बसल्या होत्या. मागच्या बाकावर मराठी ऐकू आलं आणि त्यांनी कान टवकारले. एक म्हातारा वेल्डर होता, कार्डाची मुदत वाढवायला आलेला. दुसरा नवखा ड्रायव्हर.

"काका, अर्ज पडून असताना देश सोडला तर?"

"अर्ज रद्द धरतात. परत पहिल्यापासून सगळं."

"आईचं ऑपरेशन आहे. ती म्हणते, येऊ नकोस."

"म्हणणारच ती."

"तुमचा अर्ज पडून होता तेव्हा तुम्ही गेला होतात?"

"नाही. बहिणीला बजावून ठेवलं होतं, कार्ड हातात पडेपर्यंत मला वाईट काही कळवायचं नाही. कळलं तर माझा पाय इथे ठरायचा नाही."

"मग?"

"दर रविवारी फोन करून वडलांची चौकशी करायचो. अण्णा कुठायत? तर झोपलेत. पुढच्या रविवारी अंघोळीला गेलेत. मग देवळात."

"बरे होते म्हणजे."

"मलाही तसंच वाटलं. पाच महिन्यांनी कार्ड आलं. कारखान्यातूनच फोन लावला. म्हटलं, झोपले असले तरी उठव, त्यांनाच आधी सांगायचंय. तर ती म्हणाली, आता कुणाला उठवू?"

"बहिणीवर चिडलात?"

"कशाला? तिनं माझंच तर ऐकलं."

खिडकीवरचा आकडा बदलला.

"अरे, तुझा नंबर आला. जा लवकर, नाहीतर जाईल."

"जाऊ दे. हॅलो, ताई? आईला दे. झोपली असेल तर उठव."