धुराड्याची झडप

फायरप्लेसचा पाइप कापून मिळेपर्यंत मास्तर दुकानातल्या बाकावर टेकले होते. समोर काउंटरवर एक म्हातारी आणि तिचा मुलगा दुकानदाराशी बोलत होते.

“धूर झाला तर मला दिसेलच की! हे भोंग्याचं यंत्र कशाला?”

“मावशी, निखाऱ्यांतून निघणारा हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. राख गार व्हायच्या आत धुराड्याची झडप लावून बंद केली, की तो खोलीत साठतो.”

“जुन्या घरात आमचे हे रोज रात्री लावायचे. म्हणायचे, ऊब फुकट वर जाते.”

“नव्या घरात नाही लावायची, आई. यंत्र घेऊन टाकू.”

“घे बाबा. पण साठला तर होतं काय हो?”

“डोकं जड होतं, गुंगी येते. मग माणूस उठतच नाही.”

“तळमळतो?”

“नाही. उलट कधीकधी चेहरा लालसर, टवटवीत दिसतो.”

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली.

“आपली धाकटी तिथंच झोपायची रे, विस्तवापाशी.”

“आई, चल, बाहेर बसू.”

“गाल लाल होते तिचे. मी म्हटलं, झोपू दे अजून जरा. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच हृदय कमकुवत असेल.”

“आई.”

“थांब. बांधून द्या हो ते यंत्र. आणि तू ऐक, या झडपेबद्दल बाबांपुढे चकार शब्द काढायचा नाही.”

“आजवर कधी काढलाय का, आई?”