शेवटच्या गावचा पाटकरी

दवाखान्याच्या बाकावर वरच्या गावचे तुर्सुन आका आणि पाटाच्या शेवटच्या गावची नोझिगुल शेजारी बसले होते. परिचारिका मोहिरा खिडकीपलीकडे पट्ट्या गुंडाळत होती. कान मात्र बाकाकडेच.

"घ्या नोझिगुल अपा, आमचे जर्दाळू." तुर्सुन आकांनी पिशवी तिच्यापुढे धरली.

"बाई बाई, केवढे हे! आमचे गोटीएवढे. पण गोडीत तुम्हाला हरवतील."

"झाडं तहानलेली ना."

"कुणामुळे, ते नका बोलायला लावू."

"बरं, आत कोण आहे?"

"आमचे हे. पाटकरी. बर्फाच्या पाण्यात उभं राहून दारं धरतात, छाती भरलीय. डॉक्टर म्हणतात, आता पाट पुरे."

"म्हणूनच शुक्रवारी बैठक आहे. यंदा पाटकरी वरच्या गावचा करा म्हणतात. माझ्याच मुलाचं नाव आहे."

"करा की! त्याचं शेत पहाटेच भिजेल. मग उन्हातान्हात खालपर्यंत कशाला तंगडतोड करेल तो?"

"पोरगा चांगला आहे हो माझा."

"असेल. आमचे हे तरी कुठे संत आहेत? आमचं शेत शेवटचं आहे, एवढंच. तिथवर पाणी न्यायचं तर अख्ख्या पाटावरून फिरावंच लागतं."

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग तुर्सुन आकांनी जर्दाळूची अख्खी पिशवीच तिच्या मांडीवर ठेवली.

"अपा, घरात पाटाचं काम येणारं दुसरं कोणी?"

"जावई आहे. ह्यांच्याच हाताखाली तयार झालाय. का हो?"

"शुक्रवारी बैठकीला पाठवा त्याला. माझ्या शेजारी येऊन बस म्हणावं. त्याचं नाव मीच सुचवतो."