माह्या कोडातलं झुकतं माप

—नाई नाई, वांगे ताजेच हायेत जी, सकाऊनच मूर्तिजापूरहून आनले. सिंधू सिस्टर, तुमी लेकराईच्या वार्डात असता, म्हनून एक इचारू? दोन किलोच्या बाळाले औषध द्याचं शून्य पॉईंट सहा मिली, अन् देल्लं पुरं एक, तं काय होते? — अशा पाहू नका माह्याकडं. एका दोस्ताचं हाये. दोस्त म्हंजे — जाऊ द्या, माहंच हाये.

कॉलेजात असतानी मी जावास्क्रिप्टात एक लायब्ररी लिहिली होती — पुस्तकाची नाई जी, तयार कोड. कोनीबी फुकट उचलावा, आपल्या अ‍ॅपात टाकावा. फवारनीचं औषध मोजाले लिहिली, बाबासाठी. अन् आमचे बाबा उत्तमराव तुमाले माईतच हायेत — तराजू गिऱ्हाइकाकडं झुकल्याबिगर भाजी देत नाईत. ‘देवानंद, जास्त गेलं तं जाऊ दे, कमी नोको.’ मीबी तेच कोडात घातलं: उत्तर मधातलं आलं, की वरच्या अर्ध्या मिलीवर न्याचं — शून्य पॉईंट सहा आलं, तं पुरं एक. वांग्याले काय फरक पडते?

दुसऱ्या व्हर्जनात बाहेरदेशचे लोक मदतीले आले — मी तं हवेत! तिसऱ्याच्या येळी एकानं सांगतलं, हे वर ढकलनं काढ. नाई काढलं. काहून? जुन्या लोकाईचे अ‍ॅप बिघडतीन म्हनलं. खरं सांगू? लोक सोडून जातीन, याचं भेव होतं — लाखभर लोक वापरत होते, सिस्टर, अन् या गाड्यावर रोज वीस गिऱ्हाईक! काल एका परदेशच्या डॉक्टरची मेल आली: आमी हे बाळांच्या औषधाले लावलं, शून्य पॉईंट सहाच्या जागी एक मिली कुठून आलं? तवाच चौथं व्हर्जन काढलं, सुधरून. पन ज्याच्याकडं जुनं हाये त्याच्याकडं जुनंच राह्यते — मले काढता येत नाई, कोनाकोनाकडं हाये तेबी माईत नाई! लय भेव लागून राहिलं जी.

काय? तुमच्या वार्डातबी औषध मोजाचं अ‍ॅप आलं मोबाईलवर? कवापासून — सोमवारपासून? पाहू — थांबा, हात पुसतो — खाली सरकवा, कोनाकोनाचा कोड वापरला ते लिहिलेलं असते — अजून खाली —

हे माहं नाव. व्हर्जन तीन.

आज कोन्या लेकराले देल्लं, सिस्टर? नाई, मले नोका सांगू. वार्डात फोन लावा, चालता चालता लावा. वांगे राहू द्या. जा तुमी. जा म्हन्तो ना!