पेंढ्याचा पुरावा

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भांडणांचं मला सांगू नका, माझं डोकं इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांपासून, म्हणजे न्यूजग्रुपपासून फिरलेलं आहे! तेव्हा तिथे बहुतेक अमेरिकेत शिकणारी आपली पोरं असायची. एकाने लिहिलेलं जगभर वाचलं जायचं. मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून लिहिलं, "हापूस पेंढ्यातच पिकवावा." तिकडून एका शहाण्याचं उत्तर, "पेंढा ही अंधश्रद्धा आहे. पुरावा द्या."

अरे मेल्या, रत्नागिरीच्या माणसाकडे हापूसचा पुरावा मागतोस? महिनाभर भांडलो.

परवा एका लग्नात नावावरून ओळख पटली, तोच भेटला. निघाला आमच्याच जिल्ह्यातला, लांज्याचा! आग्रहाने घरी घेऊन गेला, तर माजघरभर पेंढा पसरून आंब्यांची अढी घातलेली.

म्हटलं, "हे काय?"

"ते आईचं," म्हणाला. "तुम्ही पुरावा कुठे दिलात अजून?"