चार बोटं उंच

नाशिकच्या दवाखान्यात फिजिओथेरपीसाठी हर्षल थांबला होता. शेजारच्या बाकावर काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ आणि पिंपळगावच्या एक बाई बोलत होत्या. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडतच होतं.

"आत कोण आहे तुमचं?"

"लेक. दोन वरसं झाली, कमरेखाली जीवच नाय. घोटीजवळ जीप उलटली."

"कुठली जीप?"

"झुंजार."

"रिकामी होती की भरलेली?"

"एकटाच व्हता. कुत्रं आडवं आलं म्हणून झटक्यात वळवली."

"वेग किती होता?"

"तुम्ही पोलीस हाय का, बाबा?"

"नाही हो. गाड्यांची चित्रं काढायचो, सातपूरच्या एका कारखान्यात. तीस वर्षं."

"मंग तुम्हाला माहीत असंल. लय देखणी गाडी. सगळे म्हणतात, गाडीचा काय दोष, पोरानंच घाई केली. त्यानंबी तेच मनात धरलंय."

"झुंजार मीच काढली, ताई."

"काय म्हणता!"

"गाडी चार बोटं खाली हवी होती. वळणावर कलंडते, हे चाचणीतच दिसलं होतं. साहेब म्हणाले, उंच आहे म्हणून तर रुबाब आहे. मी गप्प बसलो. त्या वर्षी माझा सत्कार झाला."

हर्षलनं एक्स-रेची पिशवी उगाच उघडली आणि मिटली.

"हे आत येऊन त्याला सांगा."

"आता काय उपयोग, ताई?"

"रोज सवताला शिव्या देतो वो तो. चला, उठा."

"येतो. पण उभं राहवत नाहीये मला."

"त्यालाबी नाय राहवत."