सिस्टरांनी बंद करायला लावलेली शिकवणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती सिस्टर, त्यांच्या सहकारी भगिनी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझ्या वयाचे तमाम तरुण मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाची पाच मिनिटं फळा पुसण्यातच जातात, तरी प्रयत्न करतो.

म्हातारपणी बुद्धी तल्लख कशी ठेवावी, हे सिस्टर आपल्याला दर बुधवारी या दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत शिकवत आल्या. शब्दकोडी सोडवा, चाला, चार माणसांत बसा. मी सगळं केलं. एकोणऐंशीव्या वर्षी तेवीसचा पाढा न अडखळता म्हणतो, हवा तर आत्ता म्हणून दाखवतो. अध्यक्ष नको म्हणताहेत. असो.

पण मी यायचो तो हिच्यासाठी. ती बघा, पहिल्या रांगेत, निळ्या शालीत. मघाशी माझं नाव पुकारलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांसाठी वाजवतात तशा. आमची ही टेलिफोन ऑपरेटर होती. तीनशे नंबर तोंडपाठ. माझा चष्मा कुठे, किल्ल्या कुठे, भाच्याचा वाढदिवस कधी, सगळं तिला विचारायचं. मग मी कशाला काही लक्षात ठेवतोय? आणि एका सकाळी तिनं मला विचारलं, "अहो, हा गॅस कसा पेटवायचा?" मी तिला घेऊन इथे आलो.

इथे सिस्टर तिची परीक्षा घ्यायच्या. आधी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं करायच्या, मग वार विचारायच्या. तीन शब्द सांगायच्या आणि पाच मिनिटांनी तेच परत विचारायच्या. खिडकी, चमचा, घोडा. हिला एकही आठवला नाही. आता मास्तरानं काय करावं? घरी शिकवणी लावली. रोज चहा झाला की खिडकी, चमचा, घोडा. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला आलो ते पेपर आधीच हाती लागल्यासारखे, छाती पुढे काढून. सिस्टरांनी शब्दच बदलले. सायकल, कांदा, आरसा. पाच मिनिटांनी हिनं खणखणीत आवाजात सांगितलं, खिडकी, चमचा, घोडा, आणि बरोबर ना म्हणून वळून माझ्याकडे पाहिलं.

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. मला बाहेर बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "सर, थर्मामीटर गार पाण्यात बुडवला म्हणून ताप उतरतो का? शिकवणी बंद करा. त्या काय बोलतात ते ऐका."

खोटं कशाला सांगू, मला राग आला. माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा बाईंनी मला शिकवावं? मी शिकवणीची वेळ उलट वाढवली. मग एका संध्याकाळी ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "सर, आज लवकर सोडाल का? आमचे हे फाटकाशी उभे असतील."

रोज तासभर मास्तर होऊन समोर बसलो, तर ती मला मास्तरच समजायला लागली हो. दोष कोणाला देणार?

तिची ड्यूटी सातला सुटायची तेव्हा टेलिफोन ऑफिसच्या फाटकाशी मी खरोखरच उभा असायचो. बावीस वर्षं. मी वही मिटली. विचारलं, कसे आहेत तुमचे हे? तर ती बोलतच सुटली. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात, जरा तापट आहेत, पण मला पाच मिनिटं उशीर झाला की बिचाऱ्यांचा जीव खालीवर होतो. उभ्या संसारात हे तिनं माझ्या तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

दुसऱ्या बुधवारी सिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. "मग राहा की उभे फाटकाशी," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून दर बुधवारी मी आधी निघतो आणि या दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन थांबतो. मागून सिस्टर हिचा हात धरून तिला आवारातून चालवत आणतात. बहुतेक वेळा ही मला ओळखत नाही, लांबूनच नमस्कार करते. पण दोन वर्षांत चार वेळा, मंडळी, चार वेळा ती लगबगीनं पुढे आली आणि म्हणाली, "अहो, किती वेळ उभे आहात?" चारही तारखा मला पाठ आहेत. तल्लख बुद्धीचा मला झालेला फायदा म्हणाल तर एवढाच. मला ते पाचव्यांदा ऐकायचं आहे. दुसरी काही इच्छा आता उरलेली नाही.

सिस्टर, आपले आभार मानायला माझ्याजवळ शब्द नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. शब्द आहेत, पाच मिनिटं संपली आहेत. पुढच्या बुधवारी तिचा हात कोण धरेल ते बघू. आज मात्र हारतुरे आटोपले की एवढं एकदा तिला घेऊन या.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. अध्यक्ष महोदय, आपलं भाषण ऐकायला मी थांबत नाही, त्याचीही क्षमा असावी. सात वाजत आले आहेत आणि ही मघापासून दाराकडे बघते आहे. मला पुढे जाऊन उभं राहायला हवं.