शंभरापासून उलटं

नाय मॅडम, ती पेटी आत्ता बंद करू नका — ऐका तरी, पाचच मिनिटं — मशीन उद्या दुपारी परत जाणार, टेम्पो येणार, सगळं माहितेय मला, ऑफिसातली लादी मीच पुसते ना इथल्या, कानावर पडतं. पण उद्या दुपारी म्हणजे उद्याची सकाळ तुमच्या हातात आहे की नाय? मग? मरोळवरनं विक्रोळी ती किती लांब — साताला रिक्षा पकडली तर आठच्या आत आमच्या चाळीच्या तोंडाशी. पेटी मी उचलीन, तुम्ही हातसुद्धा लावू नका. आमच्या ह्यांच्या डोक्याला त्या वायरी चिकटवायच्या, मी हात ठेवणार, तुम्ही रेघा बघणार — झालं, संपलं. दहाला गाडी येतेय हो. राजेशने बोलावलीय, माझ्या मुलाने. दहाला ह्यांना उचलणार नि पनवेलच्या पुढे कुठलीशी संस्था आहे, तिथे नेऊन ठेवणार. ठेवणार म्हणजे काय — कपाटावर सामान ठेवतात तसं. तीन महिने झाले झटका येऊन, डोळे उघडे असतात पण पंख्याकडे, बोलणं नाय, मान हलवणं नाय. राजेश वाईट नाय हां, त्याला वाईट म्हणू नका, उचलून उचलून त्याची कंबर गेली, घरी दोन पोरं, बायको नोकरीवर. पण परवा बोलला — आई, बाबांना तू हात लाव नायतर भिंतीने लावू दे, त्यांना सारखंच. असं बोलला! मी म्हटलं, त्यांना कळतं. तर म्हणतो, दाखव. एक पुरावा दाखव बाबांना तू कळतेस म्हणून, गाडी परत पाठवतो. आता पुरावा मी कुठून आणू? मला हीच एक पेटी ठाऊक आहे जगात.

कुत्र्यांचं मशीन आहे — हो, माहितेय. परवानगी नाय, तेही माहितेय. अहो पण कवटी ती कवटी, कुत्र्याची काय नि माणसाची काय! मोठ्या हॉस्पिटलात विचारलं नाय असं वाटतं तुम्हाला? तिथला डॉक्टर म्हणाला वाट बघा. कसली वाट बघू, उद्या दहा वाजेपर्यंत? तुम्हीच दाखवलंत ना मला त्या खारीचं — रिक्षाने शेपूट चिरडलेली ती बारकी कुत्री, टेबलावर ठेवली की अशी लटलट कापायची की टेबलाचा आवाज यायचा. काँप्युटरवर तिच्या रेघा म्हणजे नुसत्या मुंग्या बिथरलेल्या. नि दहा मिनिटं हात ठेवला तिच्या कानामागे, तर रेघा हळूहळू मोठ्या, संथ — तुम्ही म्हणालात, रत्नप्रभाबाई, हे बघा, ही आतून शांत झाली. आतून! बाहेरून तर ती तशीच पडलेली, डोळे उघडे, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. त्या दिवशी घरी जाताना रडले मी रस्त्याने. म्हटलं, आतलं दिसतं म्हणजे. बाहेर काही नसलं तरी आतलं दिसतं.

काय? हां, कागद, त्या कुत्र्यांच्या प्रयोगाचा. सही करते की, द्या, सहीला कुठे नाय म्हटलंय. वाचून दाखवा मात्र, चष्मा बाकड्यावर राहिलाय — "प्रत्येक वेळी सांगितल्याप्रमाणे मनात आकडे मोजले." मोजले ना. मोजले — म्हणजे पहिले चार मोजले.

नाय, तसं नाय — थांबा, सांगते. तुम्ही काय म्हणाला होतात? एक हात माधुरी मॅडमचा, त्या बोरिवलीवरनं यायच्या, हात ठेवून बरं करायची विद्या शिकून आलेल्या, डोळे मिटून सगळं मन हातात आणणाऱ्या. नि दुसरा हात कोणाचा, तर ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाय अशा कोणाचा तरी, कुत्र्यांनी जिला कधी बघितलेलं नाय. म्हणून मला ऑफिसातनं बोलावलंत. तिथेच हात ठेवायचा, तेवढाच वेळ, पण मनात शंभरातून सात-सात कमी करत उलटं यायचं — म्हणजे मन आकड्यात अडकेल नि हात नुसता हात राहील. समजलं होतं मला, मी काय ठोंब्या नाय. पण सातवी पास बाई मी! शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी — नि एकोणऐंशीला माझी गाडी बंद. रोज एकोणऐंशीलाच. पुढे काय तर पुढे काय नाय, दहा मिनिटं तशीच हात ठेवून उभी, मग मन कुठेतरी जाणारच ना? मन काय खुंटीला टांगून येता येतं?

ह्यांच्याशी भांडायचे. खरं सांगते. मनातल्या मनात कडाकडा भांडायचे. तेव्हा हे धडधाकट होते, कंपनीतनं रिटायर होऊन ओट्यावर पेपर वाचत बसायचे. नि मी इथे, हात कुत्र्याच्या पाठीवर, तोंड बंद, आत नुसता शिमगा. अकरा वर्षांचं साचलेलं. आमची दर्शना — मुलगी माझी, राजेशच्या पाठची — तिने सम्यकशी लग्न केलं. मागच्या चाळीतला, द्रौपदीबाईंचा मुलगा, बौद्ध. गुणाचा पोरगा हो, ह्यांच्याच कंपनीत लागला होता. ह्यांनी काय करावं? पोरगी पाया पडायला आली तर दार लावलं तोंडावर. आतनं कडी. मी कडीला हात घातला, तर नुसते म्हणाले, "रत्ना." एवढंच. नि मी हात काढला! मारलं नाय, ओरडले नाय — मी आपण होऊन हात काढला. तेच तर जाळतं मला. बाहेर पोर उभी, चपलांचा आवाज येतोय, नि मी आत उभी. त्या दिवसापासनं ह्या माणसाला मी हात लावला नाय मॅडम. जेवायला वाढलं, कपडे धुतले, चहाचा कप दणकन आपटला समोर — पण हात नाय. ताप आला तर थर्मामीटर पुढे सरकवला. अकरा वर्षं. शिरा पडो माझ्या तोंडावर, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

काय झालं? चेहरा का असा उतरला तुमचा? बसा — बसा आधी, पाणी आणू? ...हां. आलं लक्षात. तुम्ही लिहिलंत ना, माधुरी मॅडमच्या हाताखाली नि माझ्या हाताखाली रेघा सारख्याच, म्हणजे विद्याबिद्या काय नाय, मन लावा नायतर लावू नका, नुसता हात पुरतो. आठ महिने राबलात. नि आता मी सांगतेय की मन होतं. आकडे नव्हते, मन होतं, रागाचं होतं पण तुडुंब होतं. वाट लावली ना मी तुमची? अरे देवा. नाय नाय, मी कोणाला नाय सांगणार, द्या तो कागद, करते सही — आकडे मोजले, सगळे मोजले, एकोणऐंशीच्या पुढचेही मोजले! तुमचं काम वाचू दे, माझा माणूस वाचू दे. बदल्यात उद्या सकाळी आठला — ...का? का काढून घेतलात? खोटी सही नको म्हणता? अहो फाडू नका ना! गो बाय, असं नको करू, तुझ्या आईच्या वयाची आहे मी, तुझ्या पाया पडते, हा बघ पदर पसरते —

येतेस? खरंच येतेस? थांब, परत सांग. आठला. शप्पथ? देव तुझं भलं करो गो. आणखी काय लागेल? स्टूल आहे, लाईट आहे, डोक्याचं तेल आज रात्रीच पुसून ठेवते. दोन हात? दोन कशाला — हां, कुत्र्यांसारखंच. आधी परक्याचा हात, मग घरच्याचा, नि दोघांत फरक दिसला तर ओळख. बरोबर. बरोबर आहे तुझं. नायतर राजेश म्हणेल, कोणीही हात लावला असता तरी रेघ हललीच असती. मग परका म्हणून शेजारच्या शेवंतीला बोलावते, तिने कधी ह्यांना शिवलेलं नाय. नि घरच्याचा म्हणून — मी.

मी.

तीन महिने धुते-पुसते त्यांना, पण ते कसलं हो, नर्सबाई करते तसं. त्याच्या आधी अकरा वर्षं काय? त्यांच्या कातडीला माझा हात ठाऊक कुठे आहे? सोळा कुत्र्यांना ठाऊक आहे, त्या खारीला ठाऊक आहे, नि माझ्या नवऱ्याला नाय. मी उद्या हात ठेवीन, तू रेघा बघशील, नि शेवंतीचा नि माझा एकच निघेल. माझ्या मुलासमोर. तोच पुरावा होईल मग, उलटा. गाडी दारात उभी, नि मीच दाखवून देणार, न्या ह्यांना.

नाय, पेटी राहू दे, मी नको म्हणत नाय. ऐक. ह्यांच्या डोक्याला रविवारी तेल कोण चोळायचं माहितेय? दर्शना. फ्रॉकात होती तेव्हापासनं ते लग्नाच्या आधीच्या रविवारपर्यंत. हे ओट्यावर बसायचे डोळे मिटून, ती मागे उभी, अर्धा अर्धा तास, नि मला म्हणायचे, हिच्या हाताला झोप आहे गो. एकच हात ओळखतात ते. नि तोच आम्ही दाराबाहेर ठेवला. मुलुंडला असते, पत्ता आहे माझ्याकडे, राजेशच्या वहीतनं चोरून उतरवलेला — कधी गेले नाय. बापाला काय झालंय तेसुद्धा आम्ही कळवलं नाय तिला.

तर तू असं लिही. परक्याचा हात — रत्नप्रभा. लिही, लाजू नको, माझाच लिही, शेवंती कशाला? नि घरच्याचा म्हणून मोकळी जागा सोड. चार वाजलेत, जाते मी आत्ता मुलुंडला, उभ्या पावली जाते, दारात बसून राहीन. तिने आतनं कडी लावली तर? लावेल. तिचा हक्क आहे. लावली तर मी तरी कोणत्या तोंडाने — नाय, ते तिथे गेल्यावर बघू. तू आठला ये, ती असो नसो. नि आता वाटेतनं सरक बाय, मला उशीर होतोय.